खाडीपुलाच्या गंजलेल्या आरसीसीची दुरुस्ती: आधी काय, नंतर काय आणि पॅच का सुटतात

कोकणात ओहोटीच्या वेळी कुठल्याही जुन्या खाडीपुलाखाली होडी घाला, गर्डरच्या (पुलाच्या तुळईच्या) पोटाला वेगळ्या रंगाचे चौकोनी पॅच दिसतातच आणि बऱ्याच पॅचच्या कडेने परत तांबूस ओघळ सुरू झालेले असतात. म्हणजे दुरुस्ती झाली, पैसे गेले, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंज शेजारी सरकला. माल वाईट होता असं म्हणून आपण दोष सिमेंटवर ढकलतो, पण बहुतेक वेळा माल बरा असतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. हा लेख साइटवरच्या ज्युनिअर इंजिनिअर, सुपरवायझर आणि छोट्या ठेकेदारांसाठी आहे, ज्यांच्या हातात बीओक्यू (कामं आणि त्यांच्या क्वांटिटीची यादी) येतो पण कुठलं काम कशाच्या आधी ते त्यात लिहिलेलं नसतं.

पॅच का सुटतो तेवढं आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो. समुद्राच्या मिठातला क्लोराइड कव्हरमधून (सळईच्या बाहेरच्या काँक्रीटच्या थरातून) झिरपत सळईपर्यंत पोचला की हा थर ठिकठिकाणी फुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, मग काँक्रीट आतून ढकललं जातं नि पोपडा सुटतो. आता तुम्ही फक्त सुटलेला पोपडा काढून तिथे नवीन माल भरलात तर त्याच सळईचा एक तुकडा ताज्या मालात आणि लगेच पुढचा तुकडा खारट काँक्रीटमध्ये असतो. पॅच होण्याआधी गंजणारा भाग शेजाऱ्याला नकळत वाचवत होता, तो नवीन मालाने शांत केला की खारट भागातला तुकडा जोरात गंजायला लागतो. पॅचच्या कडेने येणारे ओघळ ते हेच. म्हणून सुटलेलं काँक्रीट किती आहे याच्याइतकंच न सुटलेल्या भागात मीठ किती आहे हे महत्त्वाचं.

## टप्पा १: पूल आरसीसी आहे की प्रीस्ट्रेस्ड, हे कागदावर बघा

हे सगळ्यात आधी. ड्रॉइंग काढा, मिळत नसेल तर जुन्या फाइलमध्ये शोधा, तरी नाही मिळालं तर गर्डरची टोकं बघा, अँकरेजच्या (केबलची टोकं अडकवलेल्या जागांच्या) खुणा आहेत का, स्पॅनच्या मानाने गर्डर फार सडपातळ आहे का.

प्रीस्ट्रेस्ड (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि त्यातल्या जाणकार डिझायनरला बोलवा. साध्या सळईचा गंज पोपडे पाडून, ओघळ काढून आधी सूचना देतो. ताणलेल्या केबलचं तसं नाही, डक्टमध्ये (केबलच्या नळीत) ग्राउट (भरलेलं पातळ सिमेंट) नीट नसेल तर केबल आतल्या आत गंजते आणि बाहेरून गर्डर स्वच्छ दिसू शकतो. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला तो केबलच्या गंजाने, आणि वाशीच्या पहिल्या ठाणे खाडी पुलालाही केबलच्या गंजानेच ग्रासलं होतं.

सावधान: केबल असलेल्या गर्डरला ब्रेकर लावायचा नाही, "जरा उघडून बघू" म्हणूनसुद्धा नाही.

## टप्पा २: वरून येणारं पाणी थांबवा

खालची दुरुस्ती सुरू करायच्या आधी वर डेकवर जा. एक्स्पान्शन जॉइंटचं (दोन स्पॅनमधल्या सांध्याचं) रबर फाटलंय का, वॉटर स्पाउट (पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या) मातीने बुजलेत का, स्पाउटची नळी गर्डरच्या खालपर्यंत आणलीय की वरच तोडून ठेवलीय म्हणून पाणी थेट गर्डरच्या अंगावर पडतंय. पिअर कॅप (पुलाच्या खांबाचा माथा) आणि गर्डरची टोकं सगळ्यात आधी खराब होतात त्याचं कारण बहुतेक वेळा हा गळका जॉइंट असतो.

पावसाचं पाणी गोडं आहे मग त्याने काय होतं, असं बरेच जण विचारतात. गंजाला मीठ, ओल आणि हवा तिन्ही लागतात, मीठ आधीच बसलेलं आहे, जॉइंटमधून तुम्ही ओल पुरवताय. आणि एक गोष्ट पुलाखाली उभं राहिल्यावरच लक्षात येते. कडेच्या गर्डरची बाहेरची बाजू दर पावसाळ्यात धुतली जाते, पण आतल्या गर्डरच्या बाजू आणि स्लॅबचं पोट यांना पाऊस लागतच नाही, तिथे वाऱ्याबरोबर आलेलं खारं वर्षानुवर्षं साठत जातं. त्यामुळे फक्त बाहेरून दिसणारी बाजू बघून अंदाज बांधू नका.

तपासा: स्पाउटमध्ये बादलीभर पाणी ओता, खाली एकाने उभं राहून ते कुठे पडतं ते बघायचं. जॉइंटचं काम टेंडरमध्ये नसेल तर आत्ताच लेखी कळवा, नंतर त्याला अर्थ नाही.

## टप्पा ३: भरती-ओहोटीप्रमाणे वेळापत्रक लावा

पावसाळा सोडून नोव्हेंबर ते मे एवढाच काळ हातात असतो, तो सगळ्यांना माहीत आहे. चूक होते ती भरतीच्या हिशोबात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते हे कोळी बांधवांचं गणित मुंबईच्या आसपास चांगलं लागतं: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे. खाडीत आत गेलं की वेळ पुढे सरकते, म्हणून प्रत्यक्ष कामाला छापील भरती-तक्ता घ्या आणि पिअरवर रंगाने खुणा करून आपल्या जागेचा फरक पहिल्या आठवड्यातच नोंदवा.

याचा कामावर परिणाम असा. पिअरचा खालचा भाग पूर्ण उघडा पडतो तो उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावस्या-पुनवेच्या आसपास, पण ती ओहोटी भल्या पहाटे नाहीतर संध्याकाळी येते, तेव्हा लाइटची सोय पाहिजे. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओहोटी भर दुपारी मिळते पण पाणी तेवढं उतरत नाही. म्हणून खालची तोडफोड आणि साफसफाई उधाणाच्या दिवसांत लावा, वरची कामं भांगेत. भरती ते ओहोटी सहा तासांच्या थोडं वर, त्यातले हातात येणारे खरे तास तीन-चारच. साफ केलेल्या सळईवर प्रायमर लागायच्या आत भरतीचं पाणी आलं तर साफसफाई परत करायची, त्याला दुसरा इलाज नाही.

गोड्या पाण्याचा टँकर, टाक्या आणि प्रेशर जेट यांची सोय पहिल्या दिवसापासून पाहिजे, माल भरायच्या दिवशी नाही.

## टप्पा ४: हातोडीने वाजवून नकाशा करा

गर्डर, स्लॅबपॅनल, पिअर कॅप यांना नंबर द्या. अर्धा मीटरच्या चौकटी खडूने आखा आणि हलक्या हातोडीने प्रत्येक चौकट वाजवा. सलग काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं भदभद वाजतं, तासाभरात कान बसतो. भदभद वाजणाऱ्या भागाची हद्द रंगाने काढा, सळईला समांतर गेलेल्या भेगा वेगळ्या रंगाने, गंजाचे ओघळ वेगळे. मग कागदावर उतरवा नि फोटो काढा, फोटोत सदस्याचा (म्हणजे त्या गर्डर, पॅनल किंवा कॅपचा) नंबर दिसला पाहिजे.

प्रत्येक सदस्य कुठल्या पट्ट्यात आहे तेही लिहा: कायम पाण्याखाली, भरती-ओहोटीच्या मधला, लाटांचे शिंतोडे उडतात तो, आणि त्यावरचा खाऱ्या वाऱ्याचा. मधले दोन सगळ्यात वाईट कारण तिथे ओलं-सुकं चक्र चालू असतं, ओलं असताना मीठ आत जातं, सुकताना पाणी उडून मीठ मागे राहतं आणि हवाही भरपूर मिळते. कायम बुडालेल्या भागात मीठ कितीही असलं तरी हवा कमी पोचते, म्हणून गंज सहसा सावकाश होतो.

## टप्पा ५: चाचण्या, आणि त्यांचे आकडे नीट वाचा

रिबाउंड हॅमरचा आकडा चांगला आला म्हणजे पूल ठणठणीत, हा गैरसमज अजून बऱ्याच रिपोर्टमध्ये दिसतो. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं यंत्र) पृष्ठभागाचा टणकपणा सांगतो, क्लोराइडबद्दल काहीही सांगत नाही, शिवाय कार्बोनेशन झालेलं (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली गमावलेलं) काँक्रीट वरून जास्त टणक होतं त्यामुळे आकडा उलट वाढूनच येतो. आपल्याला पाहिजेत त्या चाचण्या चार.

कव्हर. कव्हरमीटरने सदस्यागणिक मोजा आणि दोन-तीन ठिकाणी भोक पाडून खात्री करा. आयआरसी ११२ (काँक्रीट पुलांचा भारतीय कोड) मध्ये भरती-ओहोटी, शिंतोडे आणि तुषारांचा भाग एक्स्ट्रीम वर्गात धरलाय आणि त्याला ७५ मिमी कव्हर, कमीत कमी एम ४५ काँक्रीट नि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.३५ सांगितलंय. जुन्या पुलांमध्ये २५-३० मिमी सापडणं नवीन नाही. क्लोराइड आत जायचा वेळ ढोबळमानाने कव्हरच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे (स्क्वेअरप्रमाणे) बदलतो, म्हणजे कव्हर निम्मं झालं तर मीठ सळईपर्यंत पोचायला पाव वेळच लागतो.

कार्बोनेशन. ताज्या तोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फथॅलिनचं द्रावण शिंपडा. गुलाबी झालं तर तिथली अल्कली शाबूत, रंग आला नाही तर गेली. जुन्या उघड्या पृष्ठभागावर शिंपडून काही कळत नाही, आणि धूळ उडालेल्या ठिकाणी फसवा गुलाबी येतो, म्हणून ताजा तुकडा फुंकून साफ करून मगच.

क्लोराइड. ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी चाचणी आहे. ड्रिलने खोलीच्या थरांप्रमाणे धूळ गोळा करायची: पहिले ५ मिमी टाकून द्या, मग ५ ते २०, २० ते ३५, ३५ ते ५० असे थर, आणि एक थर सळईच्या मागचा पाहिजेच. प्रत्येक थर वेगळ्या पिशवीत, दर थराआधी बिट आणि भोक दोन्ही साफ. धुळीला उघडा हात लावू नका, घामातही मीठ असतं. जवळजवळची तीन भोकं पाडून एकाच खोलीची धूळ एकत्र केली की एखाद्या मोठ्या खडीमुळे आकडा हलत नाही. आणि सुटलेल्या पोपड्यातून नमुना घेऊन उपयोग नाही, नमुना पाहिजे तो चांगल्या वाजणाऱ्या काँक्रीटमधून.

रिपोर्ट आला की पहिला प्रश्न विचारा: टक्के कशाचे? काँक्रीटच्या वजनाचे की सिमेंटच्या? घनमीटरला २४०० किलो काँक्रीट आणि त्यात ४०० किलो सिमेंट धरलं तर काँक्रीटच्या वजनाचा ०.१ टक्का म्हणजे २.४ किलो, म्हणजेच सिमेंटच्या वजनाचा ०.६ टक्का. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्याच्या आसपास गंजाचा धोका सुरू होतो असं साधारण धरतात, त्यामुळे "फक्त ०.१ टक्का" असं लिहिलेला रिपोर्ट दिलासा देणारा नसून धोक्याचा असू शकतो. आयएस ४५६ (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) मधला घनमीटरला ०.६ किलोचा आकडा नवीन आरसीसी करताना घालायच्या साहित्यातल्या क्लोराइडची मर्यादा आहे, जुन्या पुलात गंज सुरू झाला की नाही हे ठरवायचा तो आकडा नाही.

हाफ-सेल, म्हणजे सळईचा विजेचा दाब मोजून गंजाचा अंदाज घेणं. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली वाचन आलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर, उणे २०० च्या वर आलं तर गंज नसण्याची तेवढीच, मधलं अनिश्चित. पण आधी ज्या सळईला वायर जोडली ती बाकीच्या सळ्यांना विजेच्या दृष्टीने जोडलेली आहे का ते तपासा, नाहीतर सगळं वाचन वाया. भदभद वाजणाऱ्या भागावर, कोटिंग केलेल्या पृष्ठभागावर आणि इपॉक्सी कोटेड सळईवर ही चाचणी करू नका. पाण्याजवळच्या सतत ओल्या भागात हवा नसल्यामुळे वाचन फार उणे येतं तरी गंजाचा वेग कमी असू शकतो, तिथे आकडा बघून घाबरून तोडफोड वाढवायची नाही.

तपासा: चारही चाचण्या एकाच नकाशावर उतरवल्यात का? सुटलेला भाग आणि उणे ३५० च्या खालचा भाग यांच्या हद्दी वेगवेगळ्या निघतात, आणि तोडायची हद्द ठरवायची ती मोठ्या हद्दीवरून. क्वांटिटी वाढते, हो, ती आत्ताच वाढलेली बरी.

## टप्पा ६: आधार आणि वाहतूक

सळईच्या मागपर्यंत काँक्रीट काढलं की तेवढ्या लांबीत सळई आणि काँक्रीट एकत्र काम करत नाहीत. म्हणून किती लांबी एका वेळी उघडायची, शेजारचे दोन गर्डर एकदम उघडायचे नाहीत, आधार कुठे द्यायचा, जड वाहनं कधी बंद, हे डिझायनरकडून लेखी घ्या. मुकादमाच्या अंदाजावर हे सोडू नका. माल भरल्यावर पहिले काही तास वाहतुकीची थरथर असेल तर पोटाचा माल सळईपासून सुटा होतो, म्हणून रात्रीच्या कमी वाहतुकीची वेळ किंवा एका लेनची बंदी आधीच मंजूर करून ठेवा.

## टप्पा ७: तोडफोड

१. पॅचच्या कडेने कटरने सरळ काप घ्या, १० ते १५ मिमी खोल, कव्हर कमी असेल तर त्याहून कमी, सळई किंवा रिंग कापली जाता कामा नये. पॅचचा आकार साधा चौकोनी ठेवा.

२. हलका ब्रेकर वापरा. जड ब्रेकरने राहिलेल्या काँक्रीटमध्ये बारीक भेगा पडतात आणि पुढे पॅच त्या भेगांतूनच सुटतो.

३. सळईच्या पूर्ण भोवती मोकळं करा, मागे निदान २० ते २५ मिमी जागा, बोट फिरलं पाहिजे. जास्तीत जास्त पॅच इथेच चुकतात. सळईचा पुढचा अर्धा भाग उघडा केला, घासला, रंगवला आणि मागचा अर्धा खारट काँक्रीटमध्ये तसाच राहिला की गंज मागून चालू राहतो, वरून कितीही भारी माल लावा.

४. सळईच्या लांबीत पुढे जात राहा. गंजलेला भाग संपल्यावरही थोडं पुढे, स्वच्छ सळई दिसेपर्यंत. तिथे परत क्लोराइडचा नमुना घेतला तर फार उत्तम.

सावधान: कडा निमुळत्या सोडू नका. शून्य जाडीपर्यंत पसरलेला माल आधी सुकतो, आधी फाटतो.

## टप्पा ८: सळई साफ करणं

तारेच्या ब्रशने वरचा सुटा गंज निघतो, क्लोराइडने पाडलेल्या खड्ड्यांतला निघत नाही. त्या खड्ड्यांच्या तळाशीच मीठ सगळ्यात जास्त असतं. म्हणून सँड किंवा ग्रिट ब्लास्टिंग, मग जास्त दाबाच्या गोड्या पाण्याने धुणं, मग परत हलकं ब्लास्टिंग. धुतल्यावर थोड्या वेळात जिथे गडद ओले ठिपके परत उठतात तिथे मीठ राहिलंय असं समजा आणि तो भाग पुन्हा करा. सळईची मागची बाजू आरसा धरून बघा.

सावधान: सळई धुवायला ॲसिड वापरू नका. बाजारात फरशी धुवायला मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे, म्हणजे क्लोराइड काढायच्या कामात तुम्ही स्वतःच क्लोराइड ओतताय. रस्ट कन्व्हर्टरचं द्रव थेट गंजावर मारून पुढे जाणं हेही तसंच फसवं, वरून काळं चकचकीत दिसतं आणि खड्डा आत जिवंत राहतो.

## टप्पा ९: सळई किती उरली, काय जोडायचं

साफ झाल्यावर व्हर्नियरने मोजा, साफ व्हायच्या आधी नाही. १६ मिमीची सळई १४ मिमी उरली तर डोळ्याला फार फरक दिसत नाही, पण क्षेत्रफळ जवळजवळ २३ टक्के गेलेलं असतं. १२ ची १० झाली तर ३० टक्के. एकाच ठिकाणी खोल खड्डा असेल तर त्या खड्ड्यातली जाडी धरायची, सरासरी नाही. रिंगा विसरू नका, त्या बाहेरच्या बाजूला आणि बारीक असतात म्हणून आधी तुटतात, टोकाजवळच्या रिंगा गेल्या तर गर्डरची शिअरची ताकद जाते.

नवीन सळई जोडायची तर जुन्या सळईच्या चांगल्या भागावर पूर्ण लॅप (दोन सळ्या एकमेकींना लागून ठेवायची लांबी) मिळाला पाहिजे. लॅप ५० डी (सळईच्या व्यासाच्या ५० पट) सांगितला असेल तर १६ च्या सळईला दोन्ही बाजूंना ८०० मिमी, म्हणजे तोडफोडही तेवढी लांब जाणार. जागा वाचवायला वेल्डिंगचे टाके मारून जोडू नका, डिझायनरने सळईची जात बघून तसं लिहून दिलं असेल तरच. इपॉक्सी कोटेड सळई आणली तर ओढाताणीत कोटिंगला पडलेले ओरखडे आणि कापलेली टोकं त्याच दिवशी टचअप करा. फ्लोरिडा कीजमधल्या सेव्हन माइल, लाँग की वगैरे पुलांना इपॉक्सी कोटेड सळ्या असूनही शिंतोड्यांच्या पट्ट्यात काही वर्षांतच गंज धरला होता, त्यामुळे कोटिंग आहे म्हणून कव्हर कमी चालेल असं म्हणायला वाव नाही.

शेजारच्या काँक्रीटमध्ये मीठ आहे पण सगळं तोडणं शक्य नाही, तर पॅचच्या कडेला आतून झिंकचे ॲनोड सळईला बांधतात. झिंक स्वतः झिजतं आणि शेजारची सळई वाचवतं. बांधताना संपर्काची जागा चकचकीत घासलेली पाहिजे आणि मीटरने जोडणी तपासायची. ॲनोडभोवती निर्मात्याने चालतं म्हणून सांगितलेलाच माल भरा, विजेला फार विरोध करणारा इपॉक्सी माल तिथे भरला तर ॲनोड नुसता शोभेला राहतो.

## टप्पा १०: माल भरणं

झिंकयुक्त प्रायमर साफ केल्यावर लगेच, त्याच ओहोटीत. सळईवरच लावायचा, आजूबाजूच्या काँक्रीटवर फासायचा नाही.

जुनं काँक्रीट गोड्या पाण्याने आदल्या दिवसापासून भिजवा, भरायच्या वेळी आतून भिजलेलं पण वर पाणी साचलेलं नाही अशी अवस्था पाहिजे. बाँडिंग कोट इपॉक्सीचा असेल तर तो चिकट असतानाच माल बसला पाहिजे. सुकला की तोच कोट माल सुटायला कारण होतो, मग त्यावर परत दुसरा हात मारून चालत नाही, घासून काढायचा.

उथळ पॅचला हाताने लावायचं पॉलिमर रिपेअर मॉर्टर, थराची जाडी पोत्यावर लिहिल्याप्रमाणे, मोठ्या क्षेत्राला गनायटिंग (हवेच्या दाबाने माल फवारणं), आणि खोल भागाला शटरिंग करून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं वाहतं काँक्रीट). गर्डरच्या पोटाला शटरिंग करताना एकाच बाजूने ओता आणि दुसऱ्या बाजूला माल वर येईपर्यंत थांबा, दोन्हीकडून ओतलं की मध्ये हवा अडकते आणि नेमकी सळईच्या खाली पोकळी राहते. शटरिंगचे सांधे गळता कामा नयेत, भरायच्या आधी पाणी भरून बघा आणि काढून टाका.

पाणी मापाने. पोत्यावर दिलंय तेवढंच, गरमी आहे म्हणून मगभर जास्त नाही. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावा असं आयएस ४५६ सांगतं, समुद्राच्या पाण्यात तो १९-२० हजारांच्या घरात असतो. खाडीकाठच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी चाखून ठरवू नका, लॅबला पाठवा.

सावधान: चिकन मेश ठोकून साधा सिमेंट-रेतीचा गिलावा करणं म्हणजे दुरुस्ती नाही. जाळी स्वतःच कव्हरमध्ये गंजते आणि गिलाव्यासकट खाली येते. कव्हर राखायला विटेचे किंवा दगडाचे तुकडे नकोत, त्याच दर्जाच्या काँक्रीटचे ब्लॉक वापरा आणि बांधणीच्या तारेची टोकं आत वळवा.

## टप्पा ११: तराई

खाडीवरचा वारा आणि ऊन मिळून पातळ पॅच काही तासांत सुकवतात. गोणपाट बांधून गोड्या पाण्याने निदान सात दिवस, पोटाच्या भागाला गोणपाट टिकत नसेल तर शटरिंग जास्त दिवस ठेवा आणि काढल्यावर लगेच क्युरिंग कंपाउंड. पॉलिमर मॉर्टरला तराई वेगळी असू शकते, पोतं वाचा. भरतीच्या पट्ट्यात ताज्या मालाला खारं पाणी लागू नये म्हणून शटरिंग सील करूनच ठेवायचं. खाडीची बादली ओढून पॅचवर मारणारा माणूस दिसला तर तिथल्या तिथे थांबवा, समोर एवढं पाणी असताना टँकरची वाट बघायची त्याला पटत नाही, पण त्याला कारण सांगितलं की तो ऐकतो.

## टप्पा १२: तपासणी, कोटिंग, नोंद

सात दिवसांनी आणि परत २८ दिवसांनी सगळे पॅच वाजवा, भदभद वाजला तो काढून परत. काही पॅचवर पुल-ऑफ टेस्ट (माल ओढून जोडाची ताकद मोजणं) घ्या, दीड न्यूटन प्रति चौरस मिमीची अट सर्रास घालतात, पण आकड्याबरोबर तुटलं कुठे तेही लिहा: जुन्या काँक्रीटमध्ये तुटलं तर जोड चांगला आहे, जोडावरच सुटलं तर तयारीत चूक आहे. कव्हरमीटरने पॅचवरचं कव्हर परत मोजा.

कोटिंग त्यानंतर, माल पुरेसा सुकल्यावर. पॅचपुरतं नाही, पूर्ण सदस्याला, नाहीतर कोटिंगच्या कडेने परत तोच शेजारचा प्रश्न. आत भरपूर मीठ आणि ओल कोंडून वरून जाड इपॉक्सी फासलं तर फुगे येतात, अशा ठिकाणी वाफ बाहेर जाऊ देणारं कोटिंग किंवा सिलेनसारखं पाणी झटकणारं द्रव बरं पडतं.

शेवटी कागद. सदस्याचा नंबर, पॅचची मापं, तोडल्यावरचे फोटो, सळईची मोजमापं, क्लोराइडचे आकडे, ॲनोडच्या जागा, मालाचा बॅच नंबर, भरल्याची तारीख नि वेळ. हे रजिस्टर उपविभागात राहिलं पाहिजे, ठेकेदाराच्या लॅपटॉपमध्ये नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर हाच नकाशा घेऊन पॅचच्या कडेचा एक फूट भाग वाजवा, आधी तिथेच कळतं. जॉइंट आणि स्पाउट त्याच फेरीत बघायचे, मे महिन्यात स्पाउट मोकळे करायला एक माणूस आणि एक सळई पुरते.